पाठ करून बसताना

जे. पी. नगरहून हेब्बाळला जाणाऱ्या आमच्या ऑफिसच्या कॅबमध्ये पुढची सीट एका सहकाऱ्यांची. बसले की पट्टा लावण्याआधी मागे वळून मला म्हणणार, "अक्का, तुमच्याकडं पाठ होतीय बघा, राग धरू नका." बेळगावकडचा खणखणीत आवाज. सुरुवातीला मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

मग कळलं, ते इराणला फिरायला गेले होते. शिराझमध्ये रस्ता चुकले, तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना आपल्या गाडीत मागे बसवलं आणि गाडी चालवताना पाठ होते म्हणून आधी माफी मागितली. मग घरी नेऊन जेवू घातलं, दोन दिवस सोडलंच नाही. या माफीला तिथे उत्तरही ठरलेलं आहे: फुलाला कुठली आलीय पाठ! ते मी रोज देऊ लागले. पन्नाशीच्या टकल्या माणसाला सकाळी सकाळी फूल म्हणायचं म्हणजे कठीणच, पण त्यानंतर सिल्क बोर्डचा ट्रॅफिकसुद्धा मला सुसह्य व्हायचा.

परवा इराणमध्ये बॉम्ब पडल्याची बातमी होती. ते गाडीत बसले, पण मागे वळले नाहीत. सगळा रस्ता हातातल्या फोनकडे बघत राहिले. हेब्बाळ आलं तेव्हा एकदम वळले. डोळे भरलेले.

"रात्रीपासून मेसेज टाकत होतो, अक्का. आत्ता उत्तर आलं म्हाताऱ्याचं."

"काय म्हणतायत?"

"उत्तराला उशीर झाला, माफ करा म्हणतायत."