बाळाला मामा किती?

खाजवणारं मूल बघून इतका आनंद होणारी दुसरी बाई या पृथ्वीतलावर नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. उमरग्यात हायवेच्या कडेला आमच्या घरमालकीणबाईंचा लहान मुलांचा दवाखाना आहे आणि त्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो. बाईंचं वय सत्तरीच्या घरात, आवाज ट्रकच्या हॉर्नला दाबून टाकणारा. लग्नाच्या पंगतीत कुणाच्या कडेवर लाल गालांचं बाळ दिसलं की बाईंची जिलबी ताटातच राहते आणि त्या उठून त्याच्या कोपराची घडी उघडून बघतात. एकदा एसटीनं जाताना नळदुर्गला उतरायचं होतं, तर पुढच्या सीटवरच्या बाळाची मान तपासता तपासता थेट सोलापूरला पोचल्या. परतल्या त्या खुशीत. "साधा एक्झिमा निघाला गं, नुसतं इसब!" जणू त्यांच्या घरी पाळणा हलला होता.

गंमत म्हणजे दवाखान्यात आलेल्या मुलाची कातडी त्या सगळ्यांत शेवटी बघतात. आधी प्रश्न. कान वाहतो का? छातीत कफ किती वेळा झाला? वजन वाढतंय का? नाळ कितव्या दिवशी पडली? आणि मग हुकमाचा प्रश्न: बाळाला मामा किती, आणि आहेत का सगळे? हा प्रश्न त्या मराठीत, कानडीत आणि दखनीत सारख्याच दणक्यात विचारतात. एक ट्रक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "बाई, खाज माझ्या पोराला हाय, मेव्हण्यांचं काय काढलंय मधीच?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी मेव्हणे सांगा, मग मलम." जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या प्रत्येक घराची वंशावळ काढतात: बायांना गोल, पुरुषांना चौकोन. आमच्या गल्लीतल्या निम्म्या सोयरिकी त्या कागदांवरून तपासल्या जातात, असं माझे यजमान म्हणतात.

माझी लेक सई आठ महिन्यांची असताना तिचे गाल टोमॅटोसारखे झाले आणि ती खाजवून खाजवून रडायला लागली. मी मोबाईलवर शोधत बसले. तिथं साध्या खाजेपासून जन्मतःच्या प्रतिकारशक्तीच्या दोषापर्यंत सगळं होतं, आणि मी अर्थातच सगळ्यात वाईट ते निवडलं. रडत खाली गेले. बाईंनी सगळी प्रश्नपत्रिका सोडवून घेतली, सईला उलटीपालटी केली, मग तिच्या गुडघ्यामागच्या लाल चट्ट्याकडं बघून हसल्या.

"कान कोरडे, छाती मोकळी, वजन झकास, मामा दोन आन् दोन्ही धट्टेकट्टे. ह्याला म्हणतात निव्वळ एक्झिमा! कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन चोळ. हे मलम थोडे दिवस. आन् तो मोबाईल जरा बाजूला ठेव, त्याला काय लेकरं झालीत का?"

पंधरा दिवसांत सईचे गाल नुसतेच गुबगुबीत उरले.

पुढच्याच आठवड्यात मेंढरांमागं फिरणारं एक कुटुंब आलं. आई, तिच्या कडेवर वर्षाचं पोरगं, सोबत त्या आईची आई. मी सईला दाखवायला तिथंच बसले होते. पोराच्या अंगावरचे चट्टे मला हुबेहूब सईसारखेच वाटले. पण त्याचा कान सतत वाहत होता, दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता, आणि पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. बाईंनी काचेचा ग्लास त्यांवर दाबला. ठिपके पुसट झाले नाहीत, म्हणजे ते कातडीखाली झिरपलेलं रक्त होतं. मग त्यांनी विचारलं, "मामा किती?"

"एकबी न्हाय," पोराची आई म्हणाली. "दोन झालते. दोघंबी तान्हेपणीच गेले."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. रक्त तपासायला दिलं, तर रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी निघाल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून बाई त्यांच्यासोबत एसटीनं हैदराबादला निघाल्या. तिथं मोठ्या तपासण्या झाल्या आणि बाईंचा संशय खरा ठरला: मी मोबाईलवर वाचलेला तोच जन्मतःचा प्रतिकारशक्तीचा दोष, जो आईकडून मुलग्यांत उतरतो; म्हणून तो मामांचा प्रश्न. पोराच्या थोरल्या बहिणीची अस्थिमज्जा जुळली आणि ती त्याला दिली. बाई परतल्यावर पुढचे काही महिने रोज फोनवर त्यांचा हैदराबादच्या डॉक्टरांशी वाद चाले आणि आम्हाला वरपर्यंत ऐकू येई.

परवा ते सगळे परत भेटायला आले. पोरगं दवाखानाभर पळत होतं, कातडी स्वच्छ. बाईंनी त्याला चार वेळा उचललं, चारही वेळा त्यानं त्यांचा चष्मा ओढला, आणि त्या खदखदून हसत राहिल्या.

आजी मात्र बाकावर अवघडून बसली होती. मग हळूच म्हणाली, "बाई, एक इचारू? माझी दोन लेकरं गेली तवा सासू म्हनली, हिचं दूध इखारी हाय. ते खरं व्हतं का?"

बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "न्हाय आजी. तुमच्या दुधात काहीच खोट नव्हती. हा रक्तातून येणारा आजार आहे, कुणाच्या हातात नसतो. तुम्ही काही चुकला नाहीत."

आजी पदराची कड दुमडू लागली. बाईंनी विचारलं, "नावं काय होती त्यांची?"

"थोरला बिरू," ती म्हणाली. "धाकट्याचं ठेवायचं ऱ्हाऊनच गेलं."

आमच्या घरमालकीणबाईंनी एका हातात तिचा हात धरला आणि दुसऱ्यानं कॅलेंडरवरच्या त्यांच्या वंशावळीत एका चौकोनात बिरू लिहिलं, दुसरा कोराच ठेवला. बाहेर पेशंटची रांग वाढत होती, पण बाईंनी कुणालाच आत बोलावलं नाही.