हेमिशकाकाचं सुतक

हेमिशकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवंडीजवळ काल्हेरच्या गोदामात एका ट्रकवाल्याशी तावातावाने भांडत होतो. गाडी उलटी लावून बसला होता बाबाजी, वर मलाच अक्कल शिकवत होता. त्यात आईचा फोन. "सुभ्या, भावजी उठत न्हाईत रं. चा कवाचा गार झाला." मी त्याच तारेत होतो, म्हणालो, "अगं मग हलवून बघ ना!" ती म्हणाली, "बगितलं." एवढंच. ट्रकवाला अजून हातवारे करत होता, पण मला त्याचं काही ऐकू येईना. आदल्या रविवारी गावी गेलो होतो तर काका गुडघाभर पाण्यात उभा राहून मला शिव्या घालत होता, कारण मी नवीन बूट घालून बांधावर आलो होतो. ती आमची शेवटची भेट. इतकी नेहमीसारखी, की निघताना मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की हा माझा काका मूळचा स्कॉटलंडचा. बाप मेंढपाळ शेतकरी, थंडीवाऱ्याचा डोंगराळ मुलूख. ऐन तरुणपणी आला तो गणेशपुरीला, आश्रमात. त्या काळी तिथे गोरे लोक रीघ लावून यायचे, काही महिने राहायचे आणि परत जायचे. हा तेवढा राहिला. पण आश्रमात नाही, आमच्या पडवीत! त्याचं म्हणणं असं, की ध्यानाला बसलं की त्याचे गुडघे दुखायचे. एकदा फिरत फिरत आमच्या गावापर्यंत आला, तर माळावर माझे बाबा एकटेच गवत कापत होते. याने न विचारता दुसरा विळा उचलला. "तुझ्या बापासंगं गवात कापलं आन गुडगं दुकायचं थांबलं," हे तो दरवर्षी सांगायचा आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचो. बाबा त्याला हेम्या म्हणायचे, गावाने त्याचा हेमंत करून टाकला. आई भावजी म्हणायची. तो पुढे रीतसर इथला नागरिक झाला, पण जमीन कधी नावावर करून घेतली नाही. बाबांनी विषय काढला की म्हणायचा, "कागूद तुज्याकडं ऱ्हाऊ दे, कुदळ माज्याकडं."

तर तो माळ. आमच्या मागचा तो सगळा उतार म्हणजे नुसता दगड आणि गवत. गवत कापावं, भारे विकावेत, यापलीकडे त्याचं काही होईल असं गावात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. काकाने तिथे भात लावायचं ठरवलं. लोक म्हणाले, गोऱ्याला ऊन लागलं. पण दगड वेचून त्यांची बिनचुन्याची भिंत रचणं हे त्याच्या हाडातच होतं, त्याच्या बापाच्या शेताला तसल्याच भिंती होत्या. उन्हाळाभर तो आणि बाबा खपले. उतारावर पायऱ्या पाडल्या, प्रत्येक पायरीला अशी देखणी भिंत घातली की बघायला वज्रेश्वरीहून लोक आले. दगडाला दगड इतका नीट बसवलेला की फटीत बोट जाईना, आणि वरून आतल्या बाजूने चिखलाचा लेप! पाऊस लागला, खाचरं तुडुंब भरली, काका छाती फुगवून बांधावरून फिरला... आणि एका सकाळी वरची भिंत फुटली. तिच्या पाण्याने खालची फोडली, तिने तिच्या खालची, आणि सगळं लटांबर आमच्या आणि शेजाऱ्यांच्या राबात. राब म्हणजे भाताची रोपं वाढवायचा वाफा. त्यात काही शिल्लक राहिलं नाही. काकाने जास्तीचं पाणी जायला कुठे वाटच ठेवली नव्हती हो! बाबा कपाळाला हात लावून खाली बसले आणि मग त्यांना हसू आवरेना. "हेम्या, अरं तुज्या बापानं भिंत घातली ती मेंढरांना. हितं पानी हाय! पानी काय गेटातनं वळून घरी जातंय?" काका महिनाभर गावात तोंड दाखवेना. मग शेजाऱ्यांचा पुन्हा पेरलेला राब तयार झाला तेव्हा त्यांच्या शेतात जाऊन लावणीला वाकला, कुणी बोलावलेलं नसताना. दुसऱ्या वर्षी भिंती पुन्हा उभ्या केल्या, या वेळी पाण्याला वाट ठेवून. त्या आजतागायत हललेल्या नाहीत. पुढे त्याचं बघून अख्ख्या गावाने आपापल्या माळाला पायऱ्या पाडल्या. भात निघालं की माळावरही वाल पेरता येतो, हेही लोक त्याच्याकडूनच शिकले.

मराठी तो बाबांकडून शिकला, त्यामुळे ती आमच्याहून गावठी. शहरातली माणसं त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली की हा "न्हाय समाजलं" म्हणून त्यांची गंमत बघायचा. एकाच गोष्टीने त्याचं डोकं फिरायचं. भिवंडीच्या बाजारात एक चहावाला त्याला मायेने "आओ अंग्रेज बाबा" म्हणायचा. "अंग्रेज होगा तेरा ससुर!" काका तिथल्या तिथे पेटायचा. इंग्रज आणि स्कॉटिश यांतला फरक त्याने त्या चहावाल्याला, तिथे बसलेल्या लूमवाल्यांना, एकदा तर ट्रॅफिक हवालदारालाही समजावला. कुणालाही कळला नाही. चहावाला सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ठीक है, अंग्रेज बाबा, चीनी कम?" काल्हेर-दापोड्यासारखी गोदामं आमच्याकडेही सरकायला लागली, तेव्हा जमीन मागायला एक दलाल घरी आला होता. काकाने त्याला काकडी खायला घातली, सगळा माळ पायी फिरवला आणि शेवटी एवढंच विचारलं, "आता सांग, ह्यातला कंचा दगूड काडू?" तो गेला तो परत फिरकला नाही.

काका गेला तो भर लावणीच्या दिवसांत. स्कॉटलंडला त्याची एक भाची असते, ती फोनवर रडत म्हणाली, त्याला तिथेच राहू द्या, त्याचं घर तेच आहे. अग्नी मी दिला. हे सगळं झालं, आणि घरी येऊन बसलो तेव्हा समोर राब दिसला. काकाने पेरलेला. रोपं हातभर उंच झालेली, टोकं पिवळी पडायला लागलेली. अजून आठवडाभर तशीच राहिली असती तर कांड्यावर आली असती, म्हणजे त्यांना पेरं धरली असती, आणि कांड्यावर आलेलं रोप लावून उपयोग नाही. म्हणजे भिंत फुटली त्या वर्षानंतर काकाचा माळ पहिल्यांदाच पडीक जाणार. मी आईला म्हणालो, उद्याच लावणी करू. ती भडकली. "सुतकात शेतात उतरशील? भावजी गेलेत!" मी म्हणालो, "अगं, काकाचंच शेत आहे! रोपं कुजली तर तो वरून येऊन मला झोडपेल." तेव्हा आई जे बोलली ते मला माहीत असूनही मी विसरलो होतो. "तुजा बा गेला तवा भावजींनी डोकं भादारलं. दहा दिस खाली झोपले, कुदळीला शिवले न्हाईत. आन आता त्यांच्यापाठी आपुन हात पाय धुवून कामाला लागायचं? मंग ते ह्या घरात व्हते कोन? गडी?" सुतक पाळावं तर त्याचं शेत जातं, शेत राखावं तर तो परका ठरतो. दोघंही रडत होतो आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होतो.

दाराशी दामूतात्या येऊन उभे राहिले होते, आमच्या गावकीतले सगळ्यांत वडीलधारे. भेटायला आले होते, आमचं भांडण सगळं ऐकलं असावं. आत आले नाहीत. म्हणाले, "सुतक तुमाला हाय वयनी. गावाला न्हाय." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बघतो तर माळावर माणसंच माणसं. ज्याच्या त्याच्या स्वतःच्या लावण्या खोळंबल्या होत्या, तरी आले. बायका राबात रोपं उपटून जुड्या बांधत होत्या, पोरं त्या डोक्यावरून वर नेत होती, वरच्या खाचरापासून रांग वाकली होती. लावणीच्या दिवशी जेवण घालायचं ते ज्याचं शेत त्याने. पण सुतकाच्या घरचं कुणी खात नाही, म्हणून प्रत्येकाने आपापली भाकरी बांधून आणली होती. वर आमच्यासाठीही आणली होती. आई बांधावर बसून होती. लावणीला शंभर माणसांना वाढणारी बाई ती, तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मला तर राहवेच ना. समोर आपलं शेत लागतंय आणि आपण बघत बसायचं? पँट वर ओढली, चप्पल काढली आणि एक पाय चिखलात टाकला.

"ए सुभ्या!" दामूतात्या वरून असे गरजले की अख्खी रांग उभी राहून बघायला लागली. "भाईर व्हं आदी! घरचा मानूस गेलाय तुजा, लाज हाय का काय? गप आयसजवळ जाऊन बस!"

मी पाय बाहेर काढला. आई बांधावर जरा सरकली, आणि मी तिच्याजवळ जाऊन बसलो.