मंगळवारचे नंबर

मुलुंड पूर्वेला रेवती आणि चंद्रप्रकाश कर्णिक यांचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचे चंद्रप्रकाशने. फ्रेम दाखवायच्या, लेन्सची ऑर्डर द्यायची आणि गिऱ्हाईक सांभाळायचं रेवतीने, ही वाटणी लग्नानंतर लगेचच ठरली होती. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर.

तो घेतला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. आता ती बंगळूरला नोकरी करते. सकाळी बटण दाबलं की तो आधी घरघरायचा, मग नुसताच काळा पडदा दाखवायचा. तेवढ्यात रेवतीचं दुकान झाडून, काचा पुसून, उदबत्तीही लावून व्हायची. आणि एवढं करून पडद्यावर तारीख यायची २०१० सालातली.

आतल्या बोर्डवरचा छोटा सेल संपला की असं होतं, हे चंद्रप्रकाशला माहीत होतं. त्याने सेल बदलला. महिन्याभरात पुन्हा तेच. दुरुस्तीवाला नितेश म्हणाला, "साहेब, बोर्डच गेलाय. नवा घ्या."

"चालतोय तोवर चालू दे," चंद्रप्रकाश म्हणाला.

"चालतोय म्हणजे काय रे? रोज मी तारीख घालते म्हणून चालतोय," रेवती म्हणाली.

"एवढंसं तर काम आहे."

चंद्रप्रकाश कंजूष नव्हता. भिंगाचा नंबर मोजायचं नवं यंत्र त्याने हौसेने घेतलं होतं. पण गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या नंबरांचा प्रोग्रॅम त्याच्या मित्राने, माणिकने, बनवून दिला होता आणि तो नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. माणिक कॅनडाला गेला त्याला बरीच वर्षं झाली. मध्ये एकदा रेवतीने स्वतः त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, मीच विसरलो गं काय लिहिलं होतं ते." तरी चंद्रप्रकाशची आशा सुटेना. माणिक एकदा सुट्टीवर येईल, प्रोग्रॅम नीट करून देईल, मग बदलू. अशा दोन दिवाळ्या गेल्या.

रेवती दर मंगळवारी डोंबिवलीला आईकडे जायची. त्या दिवशी दुकान एकटा चंद्रप्रकाश बघायचा, आणि तारीख घालायला हटकून विसरायचा. बुधवारी रेवती कपाळाला हात लावायची, तो "सॉरी यार" म्हणायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

वनमाला प्रधान त्यांच्याकडच्या जुन्या गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, दिवसभर वाचणाऱ्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा बरा झाल्यावर एका मंगळवारी त्या नव्या नंबरासाठी आल्या. चंद्रप्रकाशने निगुतीने तपासलं, नंबर कॉम्प्युटरवर चढवला. दोन दिवसांनी त्यांनी फोनवर सांगितलं की फ्रेम जुनीच ठेवा, आणि शेजारणीबरोबर ती पाठवली. रेवतीने कॉम्प्युटरवर त्यांचं नाव काढलं, सगळ्यात वरचा नंबर बघून ऑर्डर दिली. लेन्स आल्यावर पडद्याशी ताडून पाहिल्या. जुळल्या. शेजारीण चष्मा घेऊन गेली.

पंधरवडा उलटून गेल्यावर वनमालाबाई रिक्षा करून स्वतः आल्या. शेजारणीचा हात धरून पायरी चढल्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"चंद्रप्रकाश, एक खरं सांगशील?" त्या म्हणाल्या. "ऑपरेशन फसलंय ना माझं?"

"असं का म्हणताय, बाई?"

"चष्मा लावला की सगळं वाहून जातं. काढला तर बरं वाटतं, पण अक्षर लागत नाही. म्हटलं सवय होईल. मुलाला कळवलेलं नाही अजून, तो पुण्याहून धावत येईल. आधी तुला विचारावं म्हटलं."

चंद्रप्रकाशने चष्मा घेतला, यंत्राखाली धरला आणि भिंगांचा नंबर मोजला. मग कॉम्प्युटरकडे आला. वनमालाबाईंच्या नावाखाली सगळ्यात वर ऑपरेशनआधीचा नंबर होता. त्याने त्या मंगळवारी चढवलेला नंबर पार तळाशी होता, २०१० सालाची तारीख लावून. प्रोग्रॅम ताजी तारीख वर ठेवायचा. प्रोग्रॅमच्या दृष्टीने नवा नंबरच सगळ्यात जुना होता.

रेवतीच्या लक्षात आलं तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचाच, ऑपरेशनचं माहीत असून विचारलं कसं नाही. मग नवऱ्याचा आला. पण वनमालाबाई समोर होत्या.

"बाई, ऑपरेशन उत्तम झालंय," चंद्रप्रकाश म्हणाला. "चूक आमची आहे. लेन्स जुन्या नंबरच्या लागल्यात."

त्याने चाचणीच्या फ्रेममध्ये योग्य भिंगं घालून ती त्यांना लावली. भिंतीवरच्या तक्त्याची सर्वात खालची ओळ त्यांनी वर्गात वाचावी तशी खणखणीत वाचली. "मी पुस्तकं वाटून टाकायला काढली होती रे," त्या म्हणाल्या. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, आणि तेच दोघांना जास्त लागलं.

त्या गेल्यावर रेवती बोलली. "कॉम्प्युटर बंद पडला असता तर परवडलं असतं, चंदू. तेव्हाच नवा घेतला असता. हा बंद पडत नाही, गुपचूप खोटं बोलतो. आणि मी रोज त्याला सावरून घेते, म्हणून तुला वाटतं त्याला काही झालेलं नाही. मी आता तारीख घालणार नाही."

"माणिकला विचारून..."

"माणिक येणार नाहीये."

संध्याकाळी चंद्रप्रकाशनेच नितेशला फोन लावला.

नवा कॉम्प्युटर आला, पण सुख लगेच आलं नाही. जुने नंबर हाताने चढवावे लागले. दोघं आळीपाळीने वाचायची आणि टाइप करायची, आणि दर तासाला एकमेकांवर खेकसायची. २०१० सालाची तारीख लागलेले मंगळवारचे नंबर वेगळे काढले, आणि त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करायचं काम चंद्रप्रकाशने मागून घेतलं. बहुतेकांचे चष्मे ठीक निघाले. एका गृहस्थांनी त्याला भरपूर सुनावलं. "डोकं दुखतं म्हणून मी ऑफिसला शिव्या घालत होतो," ते म्हणाले. चंद्रप्रकाशने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना शनिवारी बोलावलं.

फोन ठेवून तो रेवतीला म्हणाला, "हा नवा कॉम्प्युटर किती वर्षं वापरायचा, ते आजच ठरवू. नंतर माझं मन होणार नाही."

"पाच," रेवती म्हणाली. "ठणठणीत असला तरी पाच."

त्याला ते पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर फिरवला.