कडूबाईच्या परसातला देव

आईची आधीची पोरं जगली नव्हती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. नाव वंगाळ ठेवलं की दृष्ट लागत नाही, मूल वाचतं, असा जामखेडकडचा समज. कडू वाचली. कशासाठी वाचली, हे मात्र तिला जन्मभर उमगलं नाही.

नवरा नगरच्या छावणीत खेचरांच्या तबेल्यावर होता. तो तापानं गेला तेव्हा कडूबाईची पंचविशीही उलटली नव्हती. सासू-सासरे आधीच गेलेले. मागे उरलं एक धाब्याचं घर आणि त्यामागचं परस. परसाला चहूबाजूंनी पुरुषभर उंचीच्या मातीच्या भिंती, आणि आत जायची वाट एकच, तिच्या स्वयंपाकघरातून. कडूबाई गोधड्या शिवायची. गावातल्या बायका जुनी लुगडी आणून टाकायच्या आणि ही परसातल्या कडुनिंबाखाली बसून टाके घालायची. टाका इतका बारीक की दुसऱ्या बायका हात फिरवून बघत. बोलणं कमी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशा बाईला गाव चांगली म्हणतं, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

त्याच निंबाच्या बुंध्याशी एक वरवंटा उभा पुरलेला होता.

नवरा गेल्यावर चौथ्या वर्षी कडूबाईला दिवस गेले. कुणाचे, ते सुईण चांगुणेनं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. गोधड्यांचा ढीग मांडीवर घेऊन तिनं ते महिने काढले. मुलगी झाली, ती रडलीच नाही. चांगुणेनं तिला निंबाखाली पुरलं. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, हे चांगुणेच्या हाताला सवयीनं ठाऊक. या पोरीचं बारसं होणार नव्हतं. म्हणून तिनं घरातला वरवंटा आणला आणि वर उभा रोवला. म्हणाली, "एवढं तरी असू दे पोरीला." त्यानंतर कडूबाईनं वाटण वाटायला दुसरा दगड घेतला. निंबाखाली कधी तांब्याभर पाणी ओतायची, कधी कण्हेरीचं फूल ठेवायची. भिंती उंच होत्या, तेवढ्यात तिचं भागत होतं.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी, जर्मनच्या लढाईच्या दिवसांत गावठाणाची मोजणी निघाली. नगरहून विष्णुपंत नावाचे मोजणीदार आले, सोबत साखळी धरणारे दोघं. विष्णुपंत माणूस सरळ, नाकासमोर बघून चालणारा, आणि तेच नडलं. लाचखाऊ असता तर बाहेरच्या बाहेर चार रेघा ओढून गेला असता. याला घरोघरचा आड, गोठा, झाड, ओटा सगळं कागदावर हवं होतं. कडूबाईच्या चुलीपुढून साखळी सरपटत परसात गेली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

विष्णुपंतांनी निंब टिपला, न्हाणी टिपली. मग त्यांची नजर वरवंट्यावर आणि त्यापुढच्या फुलावर गेली.

"बाई, ही समाधी आहे का कुणाची?"

"न्हाई."

"मग काय आहे?"

मूल गेलं की तिकडच्या बायका मेलं म्हणत नाहीत. देवाचं हुतं, देवानं नेलं म्हणतात. तिच्या तोंडून तेवढंच आलं.

"देवाचं हाय ते."

विष्णुपंतांनी चटकन पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि कागदावर लिहिलं : देवस्थान.

माणसानं भक्तिभावानं केलेली चूक निस्तरायला सगळ्यात अवघड. कडूबाईला तेव्हा काही कळलं नाही. साहेबानं जास्त खोदून विचारलं नाही, याचंच तिला बरं वाटलं.

नकाशा चावडीत लागला तेव्हा तो वाचायला सगळ्यात आधी रंगनाथ गेला. रंगनाथचं किराणा दुकान कडूबाईच्या परसाच्या पलीकडे, भिंतीला भिंत लागून. त्याच्या मालाच्या गाड्या वळसा घालून याव्या लागत, आणि मधलं हे परस त्याच्या डोळ्यांत कधीपासून खुपत होतं. नकाशात त्याला देव सापडला. संध्याकाळी तो चार पंच घेऊन कडूबाईच्या दारात आला.

"मावशी, एवढं जागृत ठिकाण तुमी एकटीनं कोंडून ठिवलं व्हय?" तो म्हणाला. "सरकारनं लिवलंय. देव गावाचा, मंग वाट बी गावाची."

"तसं काय न्हाई, बाबा. दगुड हाय नुसता."

"नुसत्या दगडाला फूल वाहता?"

पंच हसले. कडूबाईकडे बोलायला एकच गोष्ट होती, आणि ती बोलली असती तर हेच पंच उद्या तिला वेशीबाहेर काढायला आले असते.

आठवड्याच्या आत परसाची गल्लीकडची आणि रंगनाथच्या दुकानाकडची भिंत गाडीभर रुंदीनं पाडली. निंबाभोवती चुन्याचा चौथरा बांधला आणि वरवंट्याला शेंदूर फासला. देव कोणता, यावर थोडा वाद झाला. मग एका म्हाताऱ्यानं म्हसोबा म्हटलं आणि म्हसोबा ठरला. कोंबडं कापलं. रक्त चौथऱ्यावरून ओघळून खाली मातीत जिरलं. कडूबाईनं ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि आत येऊन चुलीत पाणी ओतलं. चुना घट्ट झाला होता. लेकराला उचलून दुसरीकडे नेण्याची सोयही आता राहिली नव्हती.

ती नगरला गेली. सर्व्हिस मोटारीत बसायची तिची ती पहिलीच वेळ. कचेरीत विचारत विचारत विष्णुपंतांच्या टेबलापाशी पोचली. त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"सायेब, तुमच्या नकाशातलं माज्या परसातलं तेवढं खोडा."

"का बरं? देव नाही का तिथं?"

"न्हाई."

"चुकीचं पडलं असेल तर दुरुस्ती होते, बाई. पण मग तिथं काय आहे ते सांगावं लागेल. लोक आता पूजा करतात. मी कारणाशिवाय देव कसा खोडू?"

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या होत्या. कडूबाईनं पदर घट्ट आवळला.

"जागा माजीच हाय न्हवं?"

"तुमचीच आहे. तुमच्याच नावावर आहे."

"मंग माज्या जागंत काय हाय, ते सरकारला कशाला पायजे?"

विष्णुपंत रागावले नाहीत. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "जे दिसतं ते आम्ही काढतो, बाई," ते म्हणाले.

"दगुड दिसला, दगुड लिवायचा. इचारलं कशाला?"

विष्णुपंतांनी टाक खाली ठेवला आणि मऊ आवाजात पुन्हा विचारलं, "सांगा, काय आहे तिथं?" तिनं मनात आणलं असतं तर एका शब्दात सगळं मिटलं असतं. नाव बुडालं असतं, पण पोरीची जागा सुटली असती. कडूबाईच्या ओठांवर शब्द आलाही होता. तेवढ्यात शेजारचा एकजण खुर्ची ओढून जवळ सरकला.

"देवाचं हाय," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. परतीच्या मोटारीत तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिनं सोबत बांधून आणलेली भाकरी खिडकीतून टाकून दिली.

चांगुणेला तिनं सांगितलं तेव्हा चांगुणा एवढंच म्हणाली, "मी बी न्हाई बोलू शकले. चौथऱ्याचा नारळ फोडताना मी तिथंच हुते."

लढाई संपली. म्हसोबा नवसाला पावतो अशी आवई उठली. कुणाची म्हैस सापडली, कुणाचा ताप उतरला. मग बायका ओटी घेऊन यायला लागल्या, कारण रंगनाथच्या सुनेला दिवस गेले होते आणि ते म्हसोबाच्याच कृपेनं, असं रंगनाथ गिऱ्हाइकांना साखर बांधता बांधता सांगायचा. गाड्या परसातून जायच्या, चाकं चौथऱ्याला घासायची. कडूबाई आता आतच बसून शिवायची. अंधारात टाका मोठा पडू लागला आणि बायका दुसरीकडे गोधड्या टाकू लागल्या.

सातव्या महिन्यात रंगनाथच्या घरच्यांनी सुनेला म्हसोबाला आणलं. हिरवं लुगडं, पाच सवाष्णी, पुढे ताशा. कडूबाई आडावरून घागर भरून परसातून येत होती. रंगनाथची बायको पुढे झाली.

"मावशी, जरा आत व्हा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. "तुमाला मूलबाळ न्हाई. पोरीवर सावली नगं पडाया."

कडूबाई आत गेली. घागर ठेवली, दार लोटलं. फळीच्या फटीतून तिला सुनेची वाकलेली पाठ दिसत होती. त्या पोरीनं वरवंट्यावर डोकं टेकलं, आणि सासूनं तिच्या वतीनं मोठ्यानं नवस बोलला.

"देवा म्हसोबा, नातूच दे. पोरगी नगं."

कडूबाईनं फटीवरचा डोळा काढला. खाली बसून तिनं अर्धवट राहिलेली गोधडी मांडीवर ओढली आणि सुईत दोरा ओवू लागली. बाहेर सगळ्या बायका मिळून तेच म्हणत होत्या, पोरगी नगं, पोरगी नगं.