चंद्रीला देवी आल्या तेव्हा

कडुलिंबाच्या डहाळ्यांचं तोरण, त्याखाली कपाळाला हळद माखलेली, पाणावल्या डोळ्यांची पांढरी बकरी, आणि तिच्यापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या डालीखाली कोंडलेलं, अखंड ओरडणारं तिचं पिल्लू... राळेगावाकडचं आमचं घर आठवलं की मला आधी हेच दिसतं. चैत्र लागला होता. वाऱ्यावर लिंबाच्या फुलोऱ्याचा कडवट-गोड गंध होता, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण उन्हात कडकडत होतं, आणि स्वयंपाकघर मात्र मुकं झालं होतं. चंद्रीच्या ओठांवर, शेपटीखाली आणि नुकत्याच दूध उतरलेल्या कासेवर तुरीच्या दाण्यांएवढे टणक फोड उठले होते. देवी आल्या की घरात फोडणी द्यायची नाही, हा नियम — मग त्या माणसाच्या अंगावर येवोत की बकरीच्या.

मी तेव्हा तिसरीत होते आणि खाण्याच्या बाबतीत अत्यंत भाविक. रोजच्या फिक्या वरणासमोर हात जोडून मी जी आर्त प्रार्थना करीत असे, ती चंद्रीसाठी होती की लसणाच्या फोडणीसाठी, हे त्या देवीलाच ठाऊक. एके सकाळी कोपरावर लाल ठिपका दिसला, तेव्हा धाकट्या भावाला माझी पाटी देऊन टाकली आणि ओसरीवर आडवी होऊन अंताची वाट पाहू लागले. मायनं वाकून पाहिलं. "डास चावला हाय. ऊठ, पिल्लाचं तोंड पाह्य, फोड आले का!"

तिचा सगळा जीव त्या पिल्लात अडकला होता. जनावरांचे डॉक्टर बजावून गेले होते — पिल्लाला कासेला लावू नका, आणि बाहेरच्या कोणाला आत येऊ देऊ नका. ही लागण माणसांच्या हातापायांवरूनही दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. पण आमच्या गल्लीची रीत उलटी होती. देवी आलेल्या जनावराला दहीभात दाखवायचा, त्याच्या पायांवर पाणी घालायचं, आणि ते तीर्थ घरी नेऊन आपल्या बकऱ्यांवर शिंपडायचं! समोरच्या गोदाकाकूकडे तर गाभण बकऱ्यांचा कळपच होता.

काकू म्हणजे मायची जिवाभावाची मैत्रीण. ती वाटी-तांब्या घेऊन फाटकाशी आली, तशी माय वाटेत आडवी आली.

"येऊ नको गोदाबाई. डॉक्टर नाही म्हणते."

"डॉक्टरले काय समजते देवीतलं? सरक बाजूले."

मायनं फाटकाला आतून कडी घातली. मग म्हणाली, "मले सपन पडलं. देवी म्हणे, माह्या अंगावर कोणाची सावली पडू देऊ नको."

काकूचा चेहरा उतरला. "माह्यी सावली? एका ताटात जेवलो ना व आपण!" तांब्यातलं पाणी तिथंच ओतून ती परतली. डॉक्टरांना न जुमानणारी गल्ली देवीच्या शब्दानं मुकाट मागे हटली... पण समोरचं दारही बंद झालं.

पिल्लू गाईचं दूध तोंडात धरीना. कापसाच्या बोळ्यानं पाजलेलं साखरपाणीही ओघळून जाई. त्याचं ओरडणं बारीक होत गेलं, आणि गल्लीत दुसरी नुकतीच व्यालेली बकरी होती ती फक्त काकूच्या कळपात. आता कोणत्या तोंडानं मागायचं? माय नुसती डालीपाशी बसून राहिली.

उन्हं कलताना फाटकाबाहेर खाकरल्याचा आवाज आला.

"सुमे, गंज आण. खाली ठेव अन् मांगं सरक."

मी पातेलं फाटकाशी ठेवून मागे सरले. काकूनं बाहेरूनच, हात उंच धरून, आपल्या तांब्याचा स्पर्शही होऊ न देता धार सोडली. फेसाळलेल्या दुधाचा उबदार, उग्र वास दरवळला. "तुह्या मायले सांग, माह्या सावलीचा विटाळ होते, दुधाचा नाही होत वाटते!"

दाराआड माय पदर तोंडात धरून उभी होती.

रोज असंच चाललं. दूध येई आणि टोमणाही. चंद्री मात्र गेली. तिला मीठ टाकून खोल पुरलं. पिल्लाच्या ओठांवर फोड उठले... आणि एके दिवशी त्यांच्या खपल्या गळून पडल्या. तरीही मायनं पुष्कळ दिवस फाटक उघडलं नाही. मग एका सकाळी तिनं गोठा, अंगण, कपडे सारं धुऊन काढलं, चुलीवर तेल तापवलं आणि मोहरी टाकली.

तो तडतडाट गल्लीभर गेला असावा. डाळ ओतण्याआधीच फाटक वाजलं, आणि काकू सरळ चुलीपाशी येऊन बसली.

"वाढ मले. अन् खोटंच बोलाचं असन तं जरा पटनसं बोलत जाय. मेल्यावानी झोपतं तू, तुले कवापासून सपनं पडाले लागली?"

माय हसता हसता डोळे पुसू लागली. मिरचीचा ठसका म्हणे.

आता गावात बकऱ्यांना देवीची लस टोचतात. परवा भावानं फोनवर सांगितलं. काकू केव्हाच गेली, तिच्यामागोमाग मायही. यवतमाळच्या माझ्या घरात फोडणीचा वास पंखा बाहेर ओढून नेतो, आणि समोर कोण राहतं ते मला ठाऊक नाही. तरी मोहरी तडतडली की डाळीचं भांडं हातात घेऊन मी उगाच थांबते... फाटक वाजेल म्हणून. मोहरी करपते. घरचे म्हणतात, हिला अजून फोडणी जमत नाही.