बेसने वर बघायचं असतं

चीअरलीडिंग म्हणजे क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेबाहेर चमकदार झुपके हलवणाऱ्या मुली, एवढंच मला ठाऊक होतं. लोणी काळभोरला कॉलेजात गेले तेव्हा फलकावर संघाची सूचना लागली होती आणि सरावाला आलं की हजेरी मिळणार होती, म्हणून मी नाव दिलं. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझे खांदे न्याहाळले, नाच येतो का हे विचारलंसुद्धा नाही, आणि एक अख्खी मुलगी माझ्या तळहातांवर चढवली. मी हादरलेच.

"झुपके हवे असतील तर तुळशीबागेत मिळतात," मॅडम म्हणाल्या. "घरी नेऊन हलवा. इथे आपण माणूस झेलतो."

वर उभी राहते ती फ्लायर. खाली समोरासमोर उभ्या राहून तिचं एकेक पाऊल हातांत धरणाऱ्या दोघी बेस. मागे एकजण तिचे घोटे सांभाळायला. माझी फ्लायर अमरावतीकडची, हॉस्टेलवर राहणारी, चणीने एवढीशी. पाच-सहा-सात-आठ असे आकडे पडले की आम्ही गुडघ्यात वाकून तिला छातीपर्यंत उचलायचो, मग डोक्याच्या वर. वर गेली की ती दोन्ही हात तिरपे ताणून उभी राहायची, याला हाय व्ही म्हणतात. शेवटी तिला हवेत उडवून पाळण्यात घेतल्यासारखी दोन्ही हातांवर झेलायची. नाव क्रेडल. हे सगळं होत असताना खालच्या प्रत्येकीची नजर फ्लायरवर हवी, एक क्षणही हलता कामा नये, हा पहिला नियम. फ्लायरने मात्र समोर बघायचं, कारण ती खाली वाकून बघायला लागली की तोल गेलाच.

मी नियम ऐकला आणि सोडून दिला. खरं सांगायचं तर मला माज होता. मांजरी गावात आमच्या आळीत मुलींचं गोविंदा पथक आहे आणि चार वर्षं मी त्यात तळाच्या थरात उभी राहिलेय. तिथे मान खाली, नजर जमिनीवर, आणि शेजारणीच्या खांद्यावरची पकड काही झालं तरी सोडायची नाही. वर बघितलं तर मान मोडते, हे आमच्या थोरल्या ताईने पहिल्या वर्षीच डोक्यात भरवलं होतं. वरचे डळमळले की आपण पकड आणखी घट्ट करायची. एवढे थर पेललेली मी, ही एवढीशी पोरगी म्हणजे काय!

आईचंही तेच मत. "पोरीला हातावर उचलाया कॉलेज लागतंय व्हय? त्ये तर तू फुकटात करतीयास की."

मॅडम रोज ओरडायच्या, "वर बघा!" मी "हो मॅडम" म्हणायचे आणि वर बघायचे, दोन आकडे. मग मान आपोआप खाली. आणि फ्लायरला ओरडायच्या, "समोर बघा! खाली काय सांडलंय?" ती मात्र कधी उलटून बोलली नाही.

स्पर्धेला महिना राहिला असताना ती पडली. भर दुपारी, सरावाच्या हॉलमध्ये. डोक्याच्या वर होती, एकदम तिचा डावा पाय थरथरला, मागची ओरडली, आणि पुढचं मला नीट आठवतच नाही. गादीच्या कडेवर तिचं कोपर आपटल्याचा आवाज तेवढा आठवतो. पुढचे कितीतरी दिवस तो कानातून जाईना.

मॅडमनी विचारलं, कसं झालं? मी छातीठोकपणे सांगितलं, "तिने गुडघा वाकवला. माझी पकड सुटलीच नव्हती." मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. हाताला प्लास्टर घालून ती परत आली तेव्हा मॅडम तिला म्हणाल्या, "गुडघा वाकवणारी फ्लायर मला वर नको. हात बरा झाला तरी आता राहू दे." ती फक्त "हो मॅडम" म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. संघात येण्यासाठी तिने घरच्यांशी दोन महिने भांडण केलेलं मला माहीत होतं. मला वाईट वाटलं, पण चूक तिची, मी तरी काय करणार.

सरावाचा व्हिडिओ नेहमी माझ्या फोनवर निघायचा, बाटलीला टेकवून. ती पडली त्या दिवशीचा गडबडीत तसाच राहिला होता. दोन दिवसांनी फोनमध्ये जागा होईना म्हणून जुनं पुसायला बसले आणि तो उघडला.

तिचा पाय थरथरतो. माझी मान खटकन छातीला लागते. आणि मी, मी स्वतः, तिचं पाऊल सोडून समोरच्या बेसचा खांदा दोन्ही हातांनी गच्च धरते. हंडीत धरतात तसा. माझ्या हातांना तेवढंच येत होतं. वर एक मुलगी अधांतरी, आणि मी जमिनीकडे बघत एका खांद्याला लटकलेली. चार वेळा बघितलं. स्वतःच्या हातांनी केलेली गोष्ट माणसाला माहीत नसू शकते, याचा मी धसकाच घेतला.

सकाळी मॅडमना फोन दाखवला. त्यांनी एकदाच बघितला. "तिची जागा तिचीच राहील," त्या म्हणाल्या. "आणि हे मला नका सांगू. तिला जाऊन सांगा."

हॉस्टेलच्या पायऱ्यांवर ती डाव्या हाताने केस विंचरत बसली होती. मी फोन पुढे केला, तिने घेतलाच नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी पाहून राहिली होती न."

"तू खाली बघत होतीस?"

"रोजच पाहायची. पहिल्या दिवसापासून तू वर पाहतच नव्हती. मॅडम म्हणत, समोर पाह्य, समोर पाह्य. पण खाली तू आहे का नाही, हे मला कोण सांगणार?" ती कंगव्यातले केस काढायला लागली. "त्या दिवशी जरा जास्तच वाकली मी. तू कुठं पाहून राहिली, ते पाहाले. म्हणून पाय हालला."

मी तिच्या शेजारी बसले. तिचं विंचरणं अर्धंच झालं होतं. मी कंगवा मागितला, तर तिने तो घट्ट धरून ठेवला.