एक स्वर खाली

आधीच सांगतो, इथले भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. बेळगावच्या उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये माझी अठरा वर्षं गेली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तरी लिहितोय, कारण हे मी मोजलेलं आहे... एकदा नाही, रोज.

मी येळ्ळूरचा. सुट्टीच्या दिवशी आमचा चौघांचा ऑर्केस्ट्रा असतो — साखरपुडे, बारशी, पार निपाणीपर्यंत कुठंही. मी गिटार वाजवतो. गेल्या पावसाळ्यानंतर गिटारची मान वाकली. बेळगावच्या दुरुस्तीवाल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, "तीन आठवडे ठेवा." तीन आठवडे! रोजचं वाद्य हातात नसलं की बोटं जेवणाच्या ताटावरसुद्धा वाजायला लागतात. बायको वैतागली. शेवटी मी वैनीकडं गेलो.

माझा मोठा भाऊ अण्णा आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक होता. घरी गाताना तो स्वतःच गिटार धरायचा. तो जाऊन वर्ष झालं होतं, गिटार कपाटावर होती.

"घिऊन जावा की भावजी," वैनी म्हणाली. "तुमची आली की आणून द्या पर. ह्यांची एवढीच वस्तू ऱ्हायलीय."

नव्या तारा चढवल्या, मोबाईलच्या ट्यूनरवर सूर लावला. सकाळी बघतो तर सहाच्या सहा तारा उतरलेल्या. नव्या तारा ताणतात, म्हणून पुन्हा लावल्या. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच! आणि उतरायच्या त्या कशाही नाही... प्रत्येक तार बरोबर एक स्वर खाली, सुताचाही फरक नाही. मग पेटीत घालून कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. तरी तेच.

दुरुस्तीवाल्याला दाखवली. त्यानं तारा ताणायच्या चाव्या फिरवून बघितल्या. "चावी सरकली तर एक तार उतरंल, दोन उतरतील. सहाच्या सहा अशा मोजून उतरत्यात व्हय? तुमच्या घरात कोणतरी लावतंय बघा."

घरात मी आणि बायको. तिला तार आणि सुतळी सारखीच.

मग मी कॅपोवर निभावलं. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, लावला की पट्टी चढते. दुसऱ्या पडद्यावर लावला की एक स्वर भरून निघायचा. अडला हरी, दुसरं काय.

अशात निपाणीला साखरपुडा आला. भर दुपारचा कार्यक्रम. हॉलवर पोचून मी गिटार नीट सुरात लावली, ट्यूनरवर तपासली आणि मांडीवरून खाली ठेवली नाही. पहिलंच गाणं, पहिलाच कॉर्ड... एक स्वर खाली. नवी गायिका गडबडून थांबली. कीबोर्डवरचा विन्या माझ्यावर खेकसला, "ए सुन्या, तुझ्या एकट्यासाठी सगळ्यांनी खाली यायचं व्हय रं?"

ते वाक्य माझं होतं.

याच हॉलमध्ये, दोन वर्षांपूर्वी, अण्णा माझ्याकडं वाकून म्हणाला होता, "एक स्वर खाली घेऊया काय रं सुन्या? गळा लागंना झालाय आज." आजार तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. टाळ्या नेहमी त्यालाच मिळायच्या, हे माझ्या मनात असावं. असावं काय, होतंच. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुझ्या एकट्यासाठी सगळ्यांनी खाली यायचं व्हय?" तो वरच गायला. अंतऱ्यात आवाज फाटला, पुढच्या रांगेतली पोरं हसली. गाणं पूर्ण करून त्यानं माइक ठेवला. येताना गाडीत माझ्या शेजारीच बसला होता. त्यानंतर तो स्टेजवर चढलाच नाही.

माझं तेव्हाचं ते वाक्य आठवतं का, म्हणून विन्याला नंतर विचारलं. त्याला काहीच आठवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी गिटार सुरात लावून वैनीला परत दिली. आता दर रविवारी जातो, चहा पितो, ट्यूनर काढून बघतो. तिच्या कपाटावर ती महिनोन् महिने जागच्या जागी आहे. उतरते ती फक्त माझ्याकडं.

माझी गिटार दुरुस्त होऊन आली, पहिल्यापेक्षा गोड वाजते. झालं त्याचा उलगडा मात्र मला आजही नाही. हवा, लाकूड, चाव्या, सगळं तपासून झालं. कुणाला माहीत असेल तर सांगा, पण माझी समजूत काढू नका.

पट्टी उतरवणं अवघड असेल, असं तुम्हाला वाटत असेल. अण्णानं विचारलं त्या दिवशी विन्याला कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं होतं. आणि मी त्या दिवशी दुसऱ्या पडद्यावर चिमटा लावून बसलो होतो. मला फक्त तो काढायचा होता.